मनगटी श्रीमंती, व्हाया कल्याण

महागड्या घड्याळांवरची पुस्तकं घड्याळांपेक्षा फार जड असतात. घड्याळ साधारण दीडशे ग्रॅमचं, पुस्तक सहज अडीच-तीन किलोचं. मांडीवर घ्यावं तर पायाला मुंग्या येतात, टेबलावर ठेवावं तर ताट मांडायला जागा उरत नाही. आत गुळगुळीत कागदावर पानभर एकच तबकडी, आणि तिच्यावरचे काटे हटकून दहा वाजून दहा मिनिटांवर. दोन काट्यांच्या मधोमध कंपनीचं नाव नीट दिसावं म्हणून ही सोय. म्हणजे पुस्तकातल्या यच्चयावत उंची घड्याळांत कायमचे दहा-दहा वाजलेले. ही वेळ जिनिव्हात शोभते. बदलापुरात कामाच्या दिवशी दहा-दहाला एखादा नोकरदार घरी दिसला, तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात.

अशी पुस्तकं नेटानं जमवणारे आमचे एक स्नेही बदलापूर पश्चिमेला राहतात. त्यांच्या हातात वडिलांचं एचएमटी आहे. कपाटात मात्र रोलेक्स, ओमेगा, पाटेक फिलिप, ऑडेमार्स पिगे अशी सगळी बडी मंडळी गुण्यागोविंदानं नांदतात. काही पुस्तकं फोर्टातल्या फुटपाथवरून आली, काही भाच्यानं परदेशातून पाठवली, आणि सगळ्यांत देखणं पुस्तक उल्हासनगरात रद्दीच्या दुकानात हाती लागलं. दुकानदारानं चार पानं उलटली, "साईं, इसमें पढ़ने का तो कुछ है ही नहीं, सब फोटो है," म्हणाला आणि पुस्तक तराजूत टाकलं. वर्तमानपत्रापेक्षा पुस्तकाच्या रद्दीला भाव कमी. त्यामुळे शंभर वर्षांचा रोलेक्सचा इतिहास दोन महिन्यांच्या पेपरांपेक्षा स्वस्तात घरी आला.

वहिनी अधूनमधून टोकतात. "घड्याळाचं एवढं वेड आहे तर एखादं बरंसं घेऊन टाका ना." स्नेह्यांचं उत्तर ठरलेलं, "घेणारे वाचत नाहीत आणि वाचणारे घेत नाहीत." यात तथ्य आहे. पथ्यावरचा माणूस पाककृतींचं पुस्तक ज्या आस्थेनं वाचतो, त्या आस्थेनं ही पुस्तकं वाचायची तर हातात तसलं घड्याळ नसणं ही पहिली पात्रता. ज्याच्याकडे आहे, तो ते तिजोरीत ठेवतो आणि वेळ मोबाइलवर बघतो.

या पुस्तकांच्याही जाती आहेत. एक, कंपनीच्या आशीर्वादानं लिहिलेली. निकोलस फोक्स यांनी लिहिलेलं पाटेक फिलिपचं अधिकृत चरित्र २०१६ साली निघालं. माणसाचं चरित्र अधिकृत असलं की त्यात भाऊबंदकी नसते, घड्याळाच्याही नसते. दुसरी जात कारागिरांची. जॉर्ज डॅनियल्स हा इंग्रज अख्खं घड्याळ एकटा, स्वतःच्या हातानं घडवायचा. त्याचं १९८१ चं 'वॉचमेकिंग' आजही या धंद्यातली माणसं क्रमिक पुस्तकासारखं वापरतात. तिसरी जात संग्राहकांची. 'मूनवॉच ओन्ली' हे भरभक्कम पुस्तक ओमेगाच्या एकट्या स्पीडमास्टरवर आहे. कोणत्या साली काट्याचं टोक कसं होतं आणि अक्षराची वेलांटी कुठे वळत होती याची त्यात काटेकोर नोंद. चौथी जात गोष्टींची. दावा सोबेल यांचं १९९५ चं 'लाँगिट्यूड', मॅट ह्रानेक यांचं २०१७ चं 'अ मॅन अँड हिज वॉच'. स्नेह्यांना ही चौथी जात प्रिय, त्यातही सोबेलबाई अधिक, कारण त्या लोकलच्या गर्दीत एका हातात मावतात.

चारही जातींची पुस्तकं वाचून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. छापतात श्रीमंतांसाठी, पण यांतले नायक श्रीमंत नाहीत. ते घाईत आहेत. 'लाँगिट्यूड'चा नायक जॉन हॅरिसन हा यॉर्कशायरकडच्या सुताराचा मुलगा. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे हे कळायला निघालेल्या बंदराची वेळ अचूक माहीत असावी लागते. घड्याळ चार मिनिटं चुकलं की नकाशावर एक अंश चुकतो आणि पुढे खडक असतो. त्यासाठी त्यानं हयात घालवली. रोलेक्सच्या पुस्तकात १९२७ ची मर्सिडीज ग्लिट्झ हमखास भेटते. लंडनमध्ये टायपिंग करणारी ही मुलगी इंग्लिश खाडीच्या गारठ्यात गळ्यात रोलेक्स ऑयस्टर बांधून पोहायला उतरली. तिला शेवटी पाण्याबाहेर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालूच राहिलं, आणि जाहिरात घड्याळाची झाली. १९५३ ची सबमरिनर पाणबुड्यांसाठी, पुढची जीएमटी-मास्टर पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांसाठी. सगळी कष्टकरी मंडळी. वेळ चुकली तर जीव किंवा नोकरी जाणार अशी.

त्यातला मानाचा प्रसंग अपोलो १३ चा. एप्रिल १९७०. यानात स्फोट झालेला, वीज वाचवायची म्हणून बरीचशी उपकरणं बंद, आणि परतीची दिशा सुधारण्यासाठी इंजिन मोजून चौदा सेकंद चालवायचं. जास्त नाही, कमी नाही. अंतराळवीर जॅक स्विगर्टनं ते चौदा सेकंद मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले आणि तिघं जण सुखरूप पृथ्वीवर आले. स्नेह्यांनी हा प्रसंग भारावलेल्या आवाजात गाडीतल्या ग्रुपला सांगितला. दाराशी उभा असलेला ग्रुपमधला ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाला, "चौदा सेकंद म्हणजे भरपूर झाले. तेवढ्यात आपल्याकडे अर्धा डबा उतरतो, पाऊण डबा चढतो, आणि एखाद्याची चप्पल खाली राहिली तर ती पण वर येते."

आगगाडीशी घड्याळाचं नातं तर रक्ताचंच. १८९१ साली अमेरिकेत ओहायोतल्या किप्टन गावी दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं चौकशीत निघालं. मग वेब बॉल नावाच्या घड्याळजीला नेमून नियम बांधले गेले, की रेल्वेवाल्याचं घड्याळ आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये. दणकट, ठसठशीत आकड्यांची, अचूक घड्याळं निघाली ती त्या हुकमापायी. आज तीच संग्राहकांच्या काचेच्या कपाटात आहेत. प्रवास असा झाला. ज्यांच्या पोटापाण्याला सेकंद लागतात त्यांनी घड्याळाला नाव मिळवून दिलं, आणि नाव झाल्यावर घड्याळ गेलं अशांच्या मनगटावर, ज्यांच्यासाठी गाडी थांबते.

सेकंदांची गरज असलेली माणसं कुठे गेली म्हणाल, तर ती कर्जत मार्गावर आहेत. घड्याळांचं खरं प्रदर्शन बघायला स्वित्झर्लंडला जायला नको. सकाळच्या फास्टमध्ये विठ्ठलवाडीनंतर आत नजर टाकावी. वरच्या कड्यांना हात लागलेले, बाह्या खाली सरकलेल्या, आणि डोळ्यांच्या रेषेत ओळीनं मनगटं. लग्नात सासऱ्यांनी दिलेली सोनेरी टायटन, तिचा मुलामा घामानं कडेला उडालेला. काळी प्लास्टिकची कॅसिओ, पट्ट्याचं भोक फाटलेलं म्हणून त्यावर रबरबँड. एका मनगटावर इतके गंडेदोरे, की घड्याळाला कोपराकडे सरकून जागा करून घ्यावी लागलेली. शेजारी स्मार्टवॉच, मालक जागच्या जागी लटकलेला असूनही गाडीच्या हिसक्यांवर त्याची पावलं मोजणारं. हा गृहस्थ कुर्ल्यापर्यंत एक पाऊल न टाकता दिवसाचा व्यायाम पुरा करतो. आणि स्नेह्यांचं एचएमटी, पांढरी तबकडी, काचेवर दारातल्या दांड्यानं काढलेला तिरका ओरखडा. संग्राहकांच्या पुस्तकात अशा ओरखड्यालाही मान असतो, फक्त तो कुणा नामवंतानं पाडलेला असावा लागतो.

यातलं बहुतेक कुठलंही सेलवर चालणारं घड्याळ पुस्तकातल्या राजेरजवाड्यांपेक्षा अचूक आहे, ही या व्यवहारातली सगळ्यांत मोठी गंमत. स्विस प्रमाणपत्र मिळवणाऱ्या चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. रोज सहा सेकंद पुढे म्हणजे महिन्याला तीन मिनिटं. स्टेशनाबाहेर ताडपत्रीवर मिळणारं साधं क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं. त्याच्या पोटातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. महागड्या यंत्राची टिकटिक सेकंदाला बहुधा आठ. सेइकोनं १९६९ च्या नाताळात पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निम्मी स्विस घड्याळगिरी कोलमडली. जी उरली ती वेळ सांगायची म्हणून उरली नाही. वेळ सांगण्यात आपण हरलो हे कबूल करून त्यांनी वारसा, कारागिरी, परंपरा सांगायला घेतली, आणि त्यासाठीच तर ही जाडजूड पुस्तकं लागली. अचूक घड्याळाला पुस्तक लागत नाही.

ज्यागर-लकूल्त्रच्या पुस्तकात आपला संबंध थेट येतो. हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पोलो खेळताना घड्याळाच्या काचा फोडून घेत. त्यांच्या तक्रारीवरून १९३१ साली रिव्हर्सो निघालं. तबकडी चौकटीतच उलटी फिरवायची, वर पोलादी पाठ, चेंडू बसो की काठी. पोलो आता कोण खेळतो? पण डोंबिवलीला जो दारातून आत रेटला जातो त्याला या उलट्या घड्याळाचं महत्त्व लगेच पटेल. आमच्याकडे मात्र घड्याळाऐवजी माणूसच उलटा फिरतो. अंबरनाथचा माणूस मुंबईला जायचं म्हणून आधी उलट दिशेनं बदलापूरला येतो, त्याच गाडीत बसून राहतो आणि खिडकी पटकावून मुंबईकडे निघतो. याला रिटर्न मारणं म्हणतात. बदलापूरकर त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेला कुठलीच पोलादी पाठ पुरणार नाही.

दोन प्रदेशांची वेळ एकाच तबकडीवर दाखवणाऱ्या घड्याळांचंही पुस्तकांत मोठं कौतुक. पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांना न्यूयॉर्क आणि लंडन दोन्ही सांभाळायचं असे. पण ही कसरत आमच्या मार्गानं आधीच केली होती. १८५६ पासून इकडून आगगाडी खोपोलीपर्यंत धावायची. पुढे रेल्वे चाले मद्रास टाइमवर, मुंबई चाले बॉम्बे टाइमवर, दोहोंत अर्ध्या तासाचं अंतर. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईपेक्षा ३९ मिनिटं पुढची. फिरोजशहा मेहतांसारख्या पुढाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि मुंबईतल्या बऱ्याच घड्याळांनी जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे दोन पिढ्यांनी स्टेशनवरची एक वेळ आणि शहरातली दुसरी वेळ खिशातल्या एकाच घड्याळावर, तोंडी हिशेबानं सांभाळली. त्यावर कोणी गुळगुळीत पुस्तक काढलं नाही. तोंडी हिशेबाला पट्टा लावून विकता येत नाही, एवढंच कारण.

स्नेह्यांना रद्दीत पुस्तक देणाऱ्या उल्हासनगरचा विषय मात्र वेगळा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं घरदार मागे टाकून कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे नव्या नगराची पायाभरणी केली, तरी एक ते पाच हे कॅम्प लोकांच्या पत्त्यात आजही आहेत. हातात काही नसलेल्या माणसांनी मिळेल ते बनवायला घेतलं. बिस्किटं, पापड, फर्निचर, पुढे जीन्स. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हापासूनचा, आणि तो सगळ्यांत खुशीत उल्हासनगरवालेच सांगतात. ज्या माणसाचं गावच परमुलखात राहिलं, त्याला मालावर दुसऱ्या मुलखाचं नाव लिहिण्यात फार संकोच कशाला वाटेल?

इथल्या बाजारात फिरताना घड्याळाच्या गाड्यावर आधुनिक वर्णव्यवस्था कळते. तळाला कॉपी, वर फर्स्ट कॉपी, त्याच्यावर मास्टर कॉपी. आणि गिऱ्हाईक फारच चोखंदळ निघालं तर गाडीवाला इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणतो, "ओरिजिनल कॉपी दूँ?" गॅरंटी विचारली तर हसतो. सेकंदकाटा टकटक न करता सळसळत गेला की माल भारी, हे ज्ञान त्याच्याकडे आहे आणि ते तो फुकट देतो. मला या व्यवहारात एक प्रामाणिकपणा दिसतो. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि घेणारा दुसऱ्या दिवशी डब्यात हात पुढे करून स्वतःच सांगतो, "बोल कितीचं असेल?" कुणी "दोन हजार" म्हटलं की विजयी मुद्रेनं, "साडेतीनशे!" पुस्तकातल्या घड्याळाचा मान जास्त किंमत मोजण्यात आहे, आमच्याकडच्याचा कमी मोजण्यात. मिरवणं दोन्हीकडे तेवढंच.

इथे संग्राहकांच्या पुस्तकांची एक गोची होते. खरं आणि खोटं वेगळं ओळखता यावं म्हणून त्यांत तबकडीचं प्रत्येक अक्षर दहापट मोठं करून छापलेलं असतं. रोलेक्सच्या मुकुटचिन्हाची टोकं किती, ठिपक्यांत अंतर किती, मागच्या झाकणावरचा शिक्का कसा. खोटं ओळखायला एवढं पुरत असेल, तर खोटं बनवायलाही पुरेल. ज्या पुस्तकाचा धाक घालायचा तेच पुस्तक समोरच्याला शिकवणी. स्नेह्यांना ही शंका बोलून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर मला रद्दीत मिळालं. कुणाचा तरी अभ्यास पूर्ण झाला असणार."

अंबरनाथच्या माणसाला घड्याळाच्या पुस्तकांतलं एक वाक्य मुळीच दिपवत नाही. ते म्हणजे 'सतराशे अमुकपासून'. व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन १७५५ पासून, ब्रेगे १७७५ पासून. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांच्या काळातलं, वालधुनीच्या काठी, काळ्या पाषाणात इंच न इंच कोरलेलं. ज्याच्या रोजच्या वाटेवर अकराव्या शतकातली कारागिरी उभी आहे, त्याला १७५५ म्हणजे परवाचीच गोष्ट वाटते. त्या कोरक्यांनी तबकडीच्या मधोमध नाव लिहून घेतलं नाही, आणि खाली 'मर्यादित आवृत्ती' असंही नाही.

याच अंबरनाथला पुढे कारखान्यांचं घड्याळ मिळालं. विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना आता नाही, विम्को नाका उरला आहे. शस्त्रास्त्रांचा कारखाना आहे, एमआयडीसी आहे. भोंग्यावर स्वयंपाक लावणाऱ्या गृहिणींना मनगटावर काही बांधायची गरज नव्हती. बांधलंच ते एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही कंपनी मुळात यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायची. त्यासाठी मदत घेतली ती स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉनची. घड्याळं करायला घेतली १९६१ साली, तेव्हा मात्र हात धरला जपानच्या सिटिझनचा. घड्याळांच्या माहेरातून लेथ आणला आणि घड्याळ आणलं दुसरीकडून, हे आपल्याला साजेसंच झालं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर अशी नावं ज्या पिढीनं हातावर वागवली, तिच्या मुलांनी २०१६ साली सरकारनं घड्याळाचा कारखाना बंद करायला मंजुरी दिल्याची बातमी मोबाइलवर वाचली. मग जुन्या एचएमटींचे भाव चढले. आता त्यांचेही संग्राहक आहेत. पुस्तक निघेलच.

अंबरनाथलाच स्नेह्यांचे घड्याळजी बसतात. हातभर रुंदीचं टेबल, वर काचेची पेटी, पेटीत पट्टे, सेल आणि कुणी परत न नेलेली घड्याळं. स्नेही एकदा एचएमटीच्या सर्व्हिसिंगला गेले ते डॅनियल्सचं पुस्तक बगलेत मारून. घड्याळजींनी आधी काम उरकलं. मागचं झाकण उघडलं, रबरी फुग्यानं धूळ उडवली, चिमट्यानं एकेक चाक उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि वर काचेचा पेला पालथा घातला. शिंक आली तरी वडिलांचं घड्याळ उडून जायला नको. सगळं जागेवर बसल्यावर, डोळ्याचं भिंग न काढता त्यांनी पुस्तक पुढे ओढलं. छापील फोटोवर भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. इंग्रजी त्यांना येत नाही, त्यांचं काही अडलंही नाही. एका आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "हे त्यानं डोकं लावलंय बरं का. इथे घासणूक कमी होणार." ते पान डॅनियल्सच्या को-अ‍ॅक्शियल एस्केपमेंटचं होतं, ज्यात घासणूक कमी म्हणून तेलाची गरज कमी, आणि जे ओमेगानं १९९९ पासून आपल्या घड्याळांत वापरायला घेतलं. पुस्तक परत देताना घड्याळजींनी एकच तक्रार केली, "फोटो झकास आहेत साहेब. पण तेल सुकलंय की नाही ते फोटोत कळत नाही."

पुस्तकांतला शेवटचा बालेकिल्ला म्हणजे अनेक करामतींचं घड्याळ. स्टेसी पर्मन यांनी 'अ ग्रँड कॉम्प्लिकेशन'मध्ये त्याची हकिकत सांगितली आहे. न्यूयॉर्कचे धनाढ्य हेन्री ग्रेव्हज यांनी पाटेक फिलिपकडून १९३३ साली चोवीस करामतींचं खिशातलं घड्याळ करवून घेतलं. त्यांच्या घरावरच्या आकाशात रात्री कुठला तारा कुठे असेल, तेही त्यात दिसायचं. २०१४ च्या लिलावात ते सुमारे २४ दशलक्ष डॉलरना गेलं. आता बदलापूरकरानं असं घड्याळ मागवलं तर करामती कोणत्या सांगेल? तारे नकोत. पहिला काटा रविवारच्या मेगाब्लॉकचा. दुसरा नळाला पाणी येण्याच्या वेळेचा. तिसरा उल्हास नदीच्या पातळीचा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, तेव्हापासून 'शंभर मीटरपर्यंत वॉटरप्रूफ' या शब्दांकडे इथली माणसं गांभीर्यानं बघतात. चौथा काटा जांभळाच्या हंगामाचा, कारण तो आला म्हणेपर्यंत संपतो.

आणि चंद्र. चंद्राच्या कला दाखवणारी खिडकी असली की घड्याळाची किंमत लाखांनी चढते. संग्राहक तिच्याकडे बघून हळवे होतात. आमच्याकडे चंद्राची निकड महिन्यातून एकदा, संकष्टीला, आणि तीही भुकेपोटी. त्या दिवशी कला नको असते, उगवायची वेळ हवी असते. ती १९७३ पासून भिंतीवरचं कालनिर्णय सांगतं. स्विस 'पर्पेच्युअल कॅलेंडर' घड्याळ लीप वर्षासकट तारखा सांभाळतं आणि १ मार्च २१०० पर्यंत त्याला हात लावावा लागत नाही. मोठीच गोष्ट. पण अधिक महिना त्याच्या गावी नाही. आणि त्याच्या पाठीमागे दुधाचा हिशेब लिहायला जागा नाही.

तरी ही पुस्तकं मिटवत नाहीत, याचं कारण पॉल न्यूमनची गोष्ट. त्या नटाला बायकोनं रोलेक्स डेटोना दिलं. तो शर्यतीत गाड्या पळवायचा, म्हणून मागे 'जपून चालव' अशा अर्थाचं कोरून. १९८४ साली मुलीच्या मित्राला त्यानं सहज किती वाजले विचारलं. पोरगा म्हणाला, माहीत नाही, माझ्याकडे घड्याळ नाही. न्यूमननं हातातलं काढून दिलं आणि सांगितलं, चावी द्यायला विसरला नाहीस तर बरी वेळ दाखवतं. २०१७ साली त्याच घड्याळाला लिलावात १७.७५ दशलक्ष डॉलर आले. ते विकत गेलं त्याची बातमी झाली. ते दिलं गेलं होतं साध्या कारणासाठी. समोरच्याला वेळ माहीत नव्हती.

आपल्याकडची घड्याळं हिंडली तीही अशीच. नवऱ्यामुलाला सासरकडून फेवर ल्यूबा, आजोबांच्या कोटात वेस्ट एंड, मॅट्रिक झालेल्या मुलाला वडिलांनी मनगटावरचं उतरवून दिलेलं. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या ग्रंथसखा वाचनालयात जुनी मासिकं चाळताना स्नेही मजकुराआधी घड्याळांच्या जाहिराती शोधतात. तेव्हा जाहिरातीत घड्याळाचे गुण सांगत. पाटेकची जाहिरात १९९६ पासून निराळंच सांगते; घड्याळ तुमचं नसतंच, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते नुसतं सांभाळता. स्नेह्यांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आपला फ्लॅट तसाच आहे. हप्ते आपण भरतोय, सांभाळायचा मुलासाठी."

स्नेही येत्या वर्षी निवृत्त होत आहेत. निवृत्तीला घड्याळ द्यायची आपल्याकडे रीत आहे. अख्खी नोकरी ज्यानं सेकंदांवर काढली, त्याला ते कामाचं होतं तेव्हा कुणी दिलं नाही. गाडी सुटली तरी चालेल त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि घड्याळ. स्नेह्यांना मात्र एवढी पुस्तकं वाचून ही रीत आता पटू लागली आहे. पाटेकचा मालक आणि निवृत्त बदलापूरकर यांच्यात किमतीखेरीज फरक तो काय? हातात घड्याळ, आणि दोघांनाही कुठे वेळेवर पोचायचं नाही. ऑफिसातल्या मुलाचा फोन आला, "सर, वर्गणी जमतेय. स्मार्टवॉच घ्यायचं का? ऑक्सिजन पण दाखवतं." स्नेही म्हणाले, "नको रे. चावीचं घ्या. रोज थोडं मागे पडणारं मिळालं तर उत्तम. सकाळी निवांत उठायचं, चावी द्यायची, वेळ लावायची. आता मला घाई कसली?"

वहिनी आतून म्हणाल्या, "त्यांना सेलचंच घ्यायला सांगा. दूध साडेसहाला संपतं."